बरासी रेषेच्या अल्याड-पल्याड: ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधला टीआरपीचा वाद

एएफएल (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलची स्पर्धा) मोठी की एनआरएल (रग्बी लीगची), या ऑस्ट्रेलियातल्या जुन्या भांडणात दोन्ही बाजू टीआरपी पुढे करतात आणि बहुतेक वेळा दोघांचेही आकडे खरे असतात. गोम मोजणीत आहे.

इतिहासकार इयन टर्नर यांनी १९७८ मध्ये एका व्याख्यानात 'बरासी रेषा' मांडली, म्हणजे देशाची या दोन खेळांत वाटणी करणारी काल्पनिक रेषा; नाव रूल्सचे खेळाडू रॉन बरासी यांच्यावरून. मेलबर्न, ॲडलेड, पर्थ ऑस्ट्रेलियन रूल्सच्या बाजूला. सिडनी, ब्रिस्बेन रग्बी लीगच्या. रेषा ओलांडायची धडपड दोघांनीही केली. १९८२ मध्ये साउथ मेलबर्नचा रूल्स संघ सिडनीला हलवला गेला, १९८७ मध्ये ब्रिस्बेनचा संघ आला आणि १९९० मध्ये व्हीएफएलची (म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या लीगची) एएफएल झाली. रग्बी लीगमध्ये मात्र पे-टीव्हीच्या हक्कांवरून फूट पडली. १९९७ मध्ये दोन वेगळ्या स्पर्धा झाल्या, वर्षअखेरीस तह होऊन १९९८ मध्ये एनआरएल उभी राहिली आणि तिच्याबरोबर रेषेपल्याडचा संघ मेलबर्न स्टॉर्म.

२००१ पासून महानगरांतल्या टीव्ही प्रेक्षकांची मोजणी 'ऑझटॅम' ही संस्था करते. शहरे पाच, त्यातली तीन रूल्सच्या बाजूची. त्यामुळे पाच शहरांची बेरीज छापली की एएफएलचे पारडे आपोआप जड. टाउन्सव्हिल, न्यूकॅसल अशी लीगवेडी शहरे महानगरांबाहेरची मोजणी करणाऱ्या 'रीजनल टॅम'च्या वेगळ्या पत्रकात जातात. ती मिळवली की अंतर आक्रसते. म्हणूनच लीगवाले कायम 'देशभराचा आकडा सांगा' म्हणतात, आणि ते रास्तच आहे.

दुसरा घोळ सरासरीचा. आकडा म्हणजे सामना पाहणारी डोकी नव्हेत. सगळ्यांनी पाहिलेली एकूण मिनिटे भागिले कार्यक्रमाची मिनिटे. लीगचा सामना ८० मिनिटांचा, प्रक्षेपण साधारण दोन तासांत आटोपते. रूल्समध्ये २० मिनिटांची चार क्वार्टर, वर थांबलेला वेळ जोडतात, म्हणजे जवळपास तीन तास. दोन्हींची सरासरी १० लाख धरली तर लीगला २० लाख प्रेक्षक-तास, रूल्सला ३०. शिवाय प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर नेईपर्यंत एक जाहिरात बसते. लीगमध्ये खेळ सलग, तशी फट कमी. पाच वर्षांच्या हक्कांसाठी एएफएलला २०११ मध्ये १२५.३ कोटी डॉलर आणि एनआरएलला २०१२ मध्ये १०२.५ कोटी मिळाले, त्या फरकात ही फटही मोजलेली आहे.

चॅनेलही हातचलाखी करतात. अंतिम सामन्याआधीचा कार्यक्रम आणि बक्षीस समारंभ वेगळ्या नावाने नोंदवतात, म्हणजे मधल्या सामन्याची सरासरी खाली ओढली जात नाही. वेळेचा फायदा एनआरएलला: तिचा अंतिम सामना रविवारी रात्री, तर एएफएलचा परंपरेने शनिवारी दुपारी. एएफएलचा पहिला रात्रीचा अंतिम सामना २०२० मध्ये, कोरोनामुळे ब्रिस्बेनला हलवावा लागला तेव्हा झाला.

परक्या बाजूचे आकडे तर आणखी फसवे. मेलबर्नमध्ये लीगचे सामने वर्षानुवर्षे मध्यरात्रीच्या आसपास दाखवले जात, आणि मग 'इथे लीग कोणी बघत नाही' असा निष्कर्ष निघे! २०१० नंतर असे सामने 'सेव्हनमेट', 'जेम' या दुय्यम चॅनेलांवर गेले. पबमध्ये बसून सामना पाहणारे तर घरातल्या मीटरमध्ये येतच नाहीत.

२०२४ पासून बातम्यांत सरासरीऐवजी 'रीच' पुढे आला. त्यात एक मिनिट पाहणाराही धरतात, त्यामुळे जुन्या सरासरीशेजारी तो मांडता येत नाही.