वॉर्डात जाण्याआधी मोबाइल असा पुसा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान नागपुरात मेडिकल चौकाजवळ आहे. त्यामुळे काउंटरवर येणारी बरीच मंडळी पेशंटची नातेवाईक असतात. कुणी डबा घेऊन आलेलं, कुणी गोंदिया-गडचिरोलीहून पेशंटसोबत थांबायला आलेलं. चार्जर घेता घेता विचारतात, "भाऊ, हा फोन आत नेला तर चालते का?" प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा हा कागद छापला.

आत न्यायचा की नाही, हे वॉर्डातल्या सिस्टरच सांगतील. त्यांचा शब्द शेवटचा. नेऊ देत असतील तर पुसून न्या. केमो घेतलेला पेशंट, नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, अवयव बदललेला माणूस, मोठं भाजलेला माणूस, यांच्या अंगात जंतूंशी लढायची ताकद कमी असते. केमोच्या बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. नेमके त्याच दिवसांत भेटायला येणारे जास्त असतात.

आपण दारात हात धुतो आणि लगेच खिशातून फोन काढतो. त्याच फोनला सकाळी टपरीवर तर्री-पोह्याचे हात लागलेले असतात, खर्रा घोटून झालेली बोटंही त्याच काचेवर फिरलेली असतात. म्हणून क्रम असा ठेवा: आधी फोन पुसायचा, मग हात धुवायचे. उलटं केलं तर धुतलेले हात वाया.

पुसायला 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मेडिकलच्या किंवा सर्जिकलच्या दुकानात बाटली मिळते, सुटे वाइप्सही मिळतात. आमच्याकडे मदरबोर्ड धुवायला 99 टक्केवालं असतं आणि गिऱ्हाईक हमखास तेच मागतं, कारण आकडा मोठा. पण जंतू मारायला ते कमी पडतं. ते झर्रकन उडून जातं, आणि अल्कोहोलला जंतूच्या आत शिरून काम करायला थोडं पाणी लागतंच. बोर्डाला पाणी नको म्हणून आम्हाला 99 चालतं. तुम्हाला 70च हवं.

फोन बंद करा, चार्जरवरून काढा, कव्हर उतरवा. चिकटपणा असेल तर आधी किंचित ओल्या कपड्याने काढा, कारण तेलाच्या थराखाली अल्कोहोल पोचत नाही. मग मऊ कापड अल्कोहोलने ओलं करा, पण थेंब गळता कामा नये. फोनवर थेट फवारा मारू नका. काच, पाठ, कडा, बटणं सगळं पुसा आणि तसंच ओलं राहू द्या. किती वेळ, ते पाकिटावर लिहिलेलं असतं. लगेच कोरडं करणं ही सगळ्यात सामान्य चूक. आणि हे काम वॉर्डाबाहेर, बिडी-सिगारेटपासून लांब करा. अल्कोहोल पेट घेतं. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ तर बाटली उघडूच नका.

मागच्या उन्हाळ्यात एक ताई आल्या. "भाऊ, आवाजच येऊन नाही राहिला." आई केमोला भरती, म्हणून रोज फोनला हाताची सॅनिटायझर जेल चोळायच्या. स्पीकरची जाळी काढली तर आत वाळलेल्या जेलचा पापुद्रा, त्याला खिशातली धूळ घट्ट चिकटलेली. जेलमध्ये हात मऊ राहावेत म्हणून ग्लिसरीनसारखं काही असतं, ते फोनवर तसंच उरतं. ब्लीच आणि काच पुसायचा स्प्रेही नको. "माझा वॉटरप्रूफ आहे" म्हणून नळाखाली धरू नका. ती चाचणी साध्या पाण्यात झालेली असते, साबणाच्या नाही.

कव्हरकडे कुणी बघतच नाही. उलटं करून बघा: दहाची नोट, मेट्रोचं महा कार्ड, देवाचा फोटो, आणि कडेला काळी मळकट रेघ. सिलिकॉनचं कव्हर साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. चामड्याचं किंवा कापडी कव्हर नीट निर्जंतुक होत नाही, ते घरीच ठेवा. इअरफोनचे रबर काढून धुवा, जाळी फक्त कोरड्या मऊ ब्रशने. चार्जरची वायर आणि स्मार्टवॉचचा पट्टाही विसरू नका.

अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने फोनवरचे जंतू मारायची डबी आम्ही विकायला ठेवलेली नाही. तो प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो. फटीत, मळाखाली पोचत नाही. त्या पैशांत वाइप्सची पाकिटं येतील.

अल्कोहोललाही मर्यादा आहे. जुलाब करणाऱ्या काही जंतूंवर ते चालत नाही. पेशंटला तसा त्रास असेल तर फोन बाहेरच राहू द्या आणि हात साबण-पाण्यानेच धुवा. एरवीही फोन पेशंटच्या पांघरुणावर ठेवू नका. घरच्यांशी बोलायचं असेल तर पेशंटच्याच फोनवरून व्हिडिओ कॉल लावून द्या, म्हणजे दहा जणांचे दहा फोन खाटेशी येत नाहीत.

टेम्पर्ड ग्लासची कड उचलली असेल किंवा तडा गेला असेल, तर त्या फटीतला मळ कशानेच निघत नाही. दुकानात या, ती काढून द्यायचे आम्ही पैसे घेत नाही. नवीन लावायची की नाही, ते तुम्ही ठरवा.