घड कापण्याआधी भाव: नवापूर, विषाणूचे नमुने आणि महासाथीचा करार

भारतातला एच५एन१ बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचा, फेब्रुवारी २००६ मधला. कोंबड्यांचे नमुने भोपाळला तपासले गेले. माणसांत लागण आढळली नाही, पण लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या आणि पोल्ट्रीवाले पुरते बसले. असा एखादा नमुना परदेशी गेला, त्यातून लस निघाली, तर ती नवापूरला कधी आणि काय भावाने मिळणार?

हा प्रश्न इंडोनेशियाने उघड विचारला. तिथे बर्ड फ्लूने माणसं मरत होती आणि देश आपले विषाणू जागतिक आरोग्य संघटनेला फुकट देत होता. त्यातल्याच एका विषाणूपासून ऑस्ट्रेलियातली कंपनी लस बनवतेय हे कळल्यावर २००७ च्या सुरुवातीला आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी नमुने देणंच थांबवलं. त्यावर झालेली टीका रास्त होती. नमुने अडले की विषाणू कुठे वळण घेतोय ते जगाला उशिरा कळतं. पण इंडोनेशियाची तक्रारही रास्तच होती.

रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला यात नवं काही नाही. भाव आधी ठरवायचा, घड मग कापायचा. कापलेला घड थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या फ्लूविषयक नियम-चौकटीने हेच केलं. नमुना हवा असेल तर लस उत्पादकाने आधी करार करायचा आणि ठरलेल्या यादीतल्या किमान दोन गोष्टी मान्य करायच्या: महासाथीत उत्पादनाच्या किमान १० टक्के लस दान, किंवा तेवढीच रास्त दरात राखीव, किंवा तंत्रज्ञानाचा परवाना, वगैरे. शिवाय उद्योगाकडून दरवर्षी सुमारे २.८ कोटी डॉलर.

पण ही चौकट फक्त फ्लूपुरती. कोविड तिच्याबाहेर राहिला. शिवाय जानेवारी २०२० मध्ये त्या विषाणूचा जनुकीय क्रम, म्हणजे त्याच्या जनुकांचा लिखित आराखडा, जाहीर होताच, विषाणूची कुपी हाती नसतानाही लसीचं काम सुरू झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने ओमिक्रॉनची खबर तत्परतेने दिली. बक्षीस म्हणून काही दिवसांत विमानबंदी मिळाली! मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महासाथ करारात म्हणूनच जनुकीय क्रमही धरला आहे आणि सहभागी उत्पादकांनी महासाथीत उत्पादनाच्या २० टक्के लस-औषधं संघटनेला उपलब्ध करून द्यायची, त्यात उत्पादनाच्या किमान १० टक्के दान, असं म्हटलं आहे. तपशील मात्र वेगळ्या परिशिष्टावर सोडले. खरी ओढाताण तिथेच.

आता असा नमुना मुळात घेतात तिथे, नंदुरबारमधल्या धडगावच्या एखाद्या पाड्यावर येऊ. घशातला स्वॅब सिंथेटिक टोकाचाच लागतो. लाकडी काडीचा चालत नाही, लाकडातली द्रव्यं पीसीआर तपासणी बिघडवतात. काडी वाहक द्रावणाच्या (नमुना वाटेत टिकवणाऱ्या द्रवाच्या) कुपीत तोडून बूच घट्ट लावायचं. कुपीभोवती शोषक कापूस, मग न गळणारा डबा, मग बर्फाच्या पॅकसह बाहेरची पेटी. २ ते ८ अंशांत ७२ तास धकतं. त्यापुढे उणे ७० लागतात. घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवणं ही नेहमीची चूक: उणे २० ला विषाणू नीट टिकत नाही, आणि लाइट गेली-आली की नमुना वितळतो, पुन्हा गोठतो. भुसावळचा मे महिना तर बोलायलाच नको. मग लागण असूनही अहवाल निगेटिव्ह येतो.

कोरडा बर्फ वापरला तर पेटी हवाबंद करू नये. त्याचा वायू होतो, जागा मिळाली नाही तर पेटी फुटते.

संमतीपत्रही असंच बिघडतं, फक्त आवाज होत नाही. ‘जैविक नमुन्याचा दुय्यम वापर’ हे शब्द भिली बोलणाऱ्या बाईला काय सांगणार? अहिराणी घरातही ते कोरडेच जातात. तपासणीसाठी होकार म्हणजे संशोधनासाठी होकार नव्हे. म्हणून संमतीपत्रावर खुणेच्या दोन चौकटी वेगळ्या हव्यात: नमुना साठवून पुढच्या संशोधनाला वापरू का? देशाबाहेर पाठवू का? दोन्हींना नाही म्हटलं तरी उपचार तेच मिळणार, हे तोंडी सांगायचं. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना साक्षीदार संशोधन चमूबाहेरचा असावा लागतो. ७ ते १२ वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत विचारून तोंडी होकार घ्यायचा, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. पालकांची संमती वेगळी. साथीत संशोधनाला परवानगी देणारी नैतिकता समिती लवकर बसते, पण या अटी सुटत नाहीत. परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. नाव काढून नमुन्याला नुसता क्रमांक दिला आणि दोन्ही जोडणारी यादी नष्ट केली, की संमती मागे घेता येत नाही. हजार कुप्यांतली आपली कोणती, हे कुणालाच ठाऊक नसतं. हे अंगठा घेण्याआधी सांगायचं.