जलद सेवा उपाहारगृहांचे बहुमाध्यमी विपणन

मोजके पदार्थ, ठरलेली चव, काउंटरवर आधी पैसे आणि काही मिनिटांत हातात पार्सल, अशा पद्धतीने चालणाऱ्या उपाहारगृहाला जलद सेवा उपाहारगृह म्हणतात. दुकानाची पाटी, वर्तमानपत्रातून वाटलेली पत्रके, टीव्हीवरील जाहिरात, स्वतःचे ॲप, घरपोच सेवेची ॲप्स, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि गुगलचा नकाशा अशा अनेक वाटांनी हे उपाहारगृह एकाच गिऱ्हाइकापर्यंत पोहोचते. या सगळ्या वाटांवर भाव, पदार्थ आणि दिलेला शब्द सारखा ठेवून केलेल्या विक्रीच्या आखणीला बहुमाध्यमी विपणन म्हणतात. माध्यमे वाढवायला फक्त पैसे लागतात. ती एकमेकांशी जुळवणे मात्र कठीण असते आणि बहुतेक साखळ्यांचा कस तिथेच लागतो.

पार्श्वभूमी

भारतात या धंद्याचे आजचे रूप १९९५-९६ च्या सुमारास दिसू लागले. केएफसीने १९९५ मध्ये बंगळूरमध्ये पहिली शाखा उघडली, डॉमिनोज १९९६ च्या आरंभी दिल्लीत आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मॅकडोनाल्ड्सने दिल्लीतील वसंत विहार व मुंबईतील वांद्रे येथे दुकाने थाटली. गिऱ्हाईक नवे होते आणि पदार्थही अनोळखी होता. त्यामुळे पहिली काही वर्षे जाहिरातीचा भर सवय लावण्यावर राहिला. मॅकडोनाल्ड्सने गोमांस व डुकराचे मांस वर्ज्य केले, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांची स्वयंपाकाची व्यवस्था वेगळी ठेवली आणि आलू टिक्कीचा बर्गर आणला. २००४ मध्ये २० रुपयांपासून सुरू होणारी यादी आणून कॉलेजच्या मुलांनाही दार उघडे केले. भाव कमी आहे हे टीव्ही सांगत होता, पण त्यावर विश्वास बसत होता तो काउंटरवरच्या फलकामुळे.

डॉमिनोजने वेगळी वाट धरली. ३० मिनिटांत पिझ्झा न आल्यास पैसे नाहीत, हे वचनच त्यांची जाहिरात झाले. अमेरिकेत अपघातांवरून झालेल्या खटल्यांनंतर कंपनीने १९९३ मध्ये हीच हमी मागे घेतली होती. भारतात ती पुढे अनेक वर्षे कंपनीची ओळख राहिली. जाहिरातीतील शब्द पाळण्याचा भार शेवटी दुचाकीवरच्या माणसावर पडतो आणि असे वचन आखताना हा माणूस हिशेबात धरलाच पाहिजे.

दुकान आणि त्याचा परिसर

पहिले माध्यम दुकान हेच असते. वडापावची विक्री १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी सुरू केली असे मानले जाते, आणि त्या जागेची निवडच निम्मी जाहिरात होती. २००१ मध्ये धीरज गुप्ता यांनी मालाड स्थानकाजवळ सुरू केलेल्या जंबोकिंगने हाच धागा पकडला. छोटी जागा, बसायची सोय नाही, स्थानकाच्या तोंडाशी दुकान आणि रस्त्यावरच्या गाडीपेक्षा चढा पण स्वच्छतेची खात्री देणारा भाव. पुढे या साखळीने स्वतःची ओळख भारतीय बर्गर अशी करून दिली. संध्याकाळी लोकलमधून उतरून जिन्याकडे सरकणाऱ्या माणसाला थांबायला वेळ नसतो. त्याला लांबून दिसेल अशी पाटी, वाचता येईल असा भाव, सुटे शोधावे लागू नयेत म्हणून काउंटरच्या काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड आणि तळणीचा वास, एवढ्यावर विक्री होते. इथे इन्स्टाग्रामचा फारसा उपयोग नाही. तेच दुकान दुपारी तीनला रिकामे असते, आणि त्या वेळी मात्र आसपासच्या कार्यालयांतल्या लोकांच्या फोनवर गेलेला संदेश कामी येतो.

महाराष्ट्रात पाटीला कायद्याचाही संदर्भ आहे. दुकाने व आस्थापना अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरी लिपीतील मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे इतर भाषांपेक्षा लहान चालणार नाहीत असे ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठीत आली, तरी आतला फलक, ॲप आणि फोनवरचे संदेश बहुधा इंग्रजी-हिंदीतच राहिले. सांगली किंवा जळगावसारख्या शहरांत घरातली कर्ती मंडळी काय मागवायचे ते ठरवतात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलण्याची संधी साखळ्या अशा रीतीने हातची घालवतात.

गुगलच्या नकाशावरील नोंद हे या परिसराचेच लांबलेले टोक आहे. खर्च जवळजवळ शून्य, तरीही सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते. दिवाळीच्या दिवसांतली वेळ बदललेली नसेल, तर नोंद पाहून आलेल्या कुटुंबाला बंद शटर दिसते आणि रात्रीपर्यंत एक तारा मिळालेला असतो.

घरपोच सेवेची ॲप्स

झोमॅटोची सुरुवात २००८ मध्ये फूडीबे या नावाने झाली आणि स्विगी २०१४ मध्ये बंगळूरमध्ये उभी राहिली. या दोघांनी माध्यमांची मांडणीच बदलून टाकली. उपाहारगृहाला नवे गिऱ्हाईक मिळाले. पण ते गिऱ्हाईक कोण, त्याचा फोन नंबर काय, तो पुन्हा केव्हा येतो, ही माहिती बराच काळ ॲपकडेच राहिली. शिवाय यादीत वर दिसायचे तर ॲपमध्येच जाहिरातीची जागा विकत घ्यावी लागते.

पैशाचा हिशेब उदाहरणाने पाहू. २५० रुपयांची ऑर्डर आहे आणि २० टक्के सवलत उपाहारगृह स्वतः सोसते असे धरू. उरले २०० रुपये. ॲपचे २२ टक्के कमिशन धरल्यास ४४ रुपये गेले, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी सुमारे ८ रुपये. उपाहारगृह ५ टक्के दराने कर भरत असल्यास या ८ रुपयांचा परतावा मिळत नाही. पार्सलचे खोके १२ रुपये, कच्चा माल ८७ रुपये. हातात राहतात ४९ रुपये, त्यातून भाडे, पगार आणि वीज. हीच ऑर्डर १० टक्के सवलतीवर स्वतःच्या ॲपवरून आली आणि पोचवायला ४५ रुपये लागले, तर सुमारे ८१ रुपये राहतात. म्हणून घरपोच सेवेची ॲप्स नवे गिऱ्हाईक शोधायला वापरावीत आणि नेहमीचे गिऱ्हाईक स्वतःच्या दाराकडे वळवावे, हे धोरण शहाणपणाचे ठरते. खोक्याच्या झाकणावर छापलेला पुढच्या ऑर्डरचा कूपन कोड याच कामासाठी असतो. पिझ्झा संपेपर्यंत ते झाकण सगळ्या घरासमोर टेबलावर उघडे पडलेले असते, इतका निवांत वेळ कुठल्याच होर्डिंगला मिळत नाही.

या संबंधांतला ताण उघडपणेही दिसला आहे. भरमसाट सवलतींच्या विरोधात २०१९ मध्ये अनेक उपाहारगृहांनी सवलत योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम काढली. राष्ट्रीय उपाहारगृह संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये झोमॅटो व स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला. डॉमिनोज चालवणाऱ्या ज्युबिलंट फूडवर्क्सने त्याच वर्षी आयोगाला कळवले की कमिशन वाढल्यास आपला काही व्यवसाय स्वतःच्या यंत्रणेकडे वळवण्याचा विचार करावा लागेल. ज्या साखळीकडे स्वतःचे ॲप आणि स्वतःची पोचवणारी माणसे आहेत, तिलाच असे बोलता येते. एकट्यादुकट्या दुकानाला ते परवडत नाही.

वेळापत्रक आणि मोजमाप

माध्यम निवडण्याइतकेच वेळेला महत्त्व असते. श्रावणात शाकाहारी पदार्थ पुढे करावे लागतात, आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळी ऑर्डरी वाढतात. मुंबईत मुसळधार पाऊस लागला की मागणी चढते आणि पोचवणारी माणसे कमी पडतात. त्या तासाला सवलतीचा संदेश धाडणे म्हणजे तक्रारी विकत घेणे. जाहिरात आणि स्वयंपाकघर एकमेकांशी बोलत नसतील, तर असा संदेश हमखास जातो.

फ्रँचायझी पद्धतीत, म्हणजे कंपनीच्या नावाने दुसराच कोणी शाखा चालवतो तेव्हा, आणखी एक पेच असतो. देशभराची ऑफर मुख्य कार्यालय ठरवते आणि तिचा तोटा शाखा चालवणाऱ्याच्या गल्ल्यातून जातो. ऑफरचा खर्च कोणी किती उचलायचा हे करारात स्पष्ट नसेल, तर शाखा ती ऑफर सांगतच नाही. टीव्हीवर पाहून आलेल्या गिऱ्हाइकाला काउंटरवर नकार मिळतो.

कोणत्या वाटेने कोण आले हे कळण्यासाठी पत्रकावर एक कोड, खोक्यावर दुसरा, व्हॉट्सॲपवर तिसरा अशी सोय करतात. पण कोड शेवटची पायरीच सांगतो. होर्डिंग पाहून ठरवलेली ऑर्डर ॲपवरून दिली गेली तर श्रेय ॲपला मिळते. त्यापेक्षा साधी आणि भरवशाची रीत अशी: सारख्या वस्तीच्या दोन भागांपैकी एकात महिनाभर जाहिरात बंद ठेवायची आणि दोन्हीकडची विक्री ताडून पाहायची. धीर लागतो, म्हणून फार थोडे जण हे करतात.

कायदेशीर चौकट

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना पदार्थांच्या यादीत उष्मांक दाखवावे लागतात. चरबी, मीठ वा साखर जास्त असलेल्या पदार्थांची जाहिरात शाळेच्या आवारात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना उद्देशून करता येत नाही. हे दोन्ही नियम अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे आहेत. व्यापारी एसएमएससाठी दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. पैसे घेऊन पदार्थाची स्तुती करणाऱ्या इन्स्टाग्रामवरील मंडळींनी तसे स्पष्ट लिहावे, अशी भारतीय जाहिरात मानक परिषदेची २०२१ पासूनची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ गिऱ्हाइकाच्या संमतीला केंद्रस्थानी ठेवतो आणि त्याला संमती मागे घेण्याचा व माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क देतो. बिलाच्या वेळी विचारलेला फोन नंबर बिलिंगच्या संगणकात, ॲपच्या यादीत, संदेश पाठवणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे आणि कित्येकदा शाखेच्या व्यवस्थापकाच्या स्वतःच्या मोबाइलमध्येही असतो. तो या चारही ठिकाणांहून काढण्याची सोय साखळीला आता करावी लागणार आहे.