तिकिटाचा दर की भाव?

मार्केट यार्डात कोथिंबिरीची जुडी पहाटे एका भावाने जाते आणि दहा वाजता निम्म्याने. त्यावर कुणी निवेदन देत नाही. एसटीच्या तिकिटाला मात्र भाव नसतो, दर असतो. कुणीतरी ठरवून दिलेला, सगळ्यांना सारखा. दिवाळीच्या तोंडावर त्यात दहा टक्के हंगामी वाढ जाहीर झाली तरी ओरड होते आणि कधीकधी ती मागे घ्यावी लागते. क्रिकेटचं तिकीट या दोन्हींच्या मध्ये अडकलं आहे. मोठ्या सामन्याचं तिकीट महाग का, या वादात पुण्यातली निम्मी माणसं दराबद्दल बोलत असतात आणि निम्मी भावाबद्दल.

त्यात भर म्हणून 'डायनॅमिक प्रायसिंग' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्रकारांना चिकटवला जातो. पहिल्या प्रकारात सामना पाहून दर ठरतो, पण विक्रीआधीच जाहीर होतो. २०२३ च्या विश्वचषकात कोलकात्याला बांगलादेश-नेदरलँड्स सामन्याचं तिकीट ६५० ते १,५०० रुपये होतं आणि भारत-दक्षिण आफ्रिका सामन्याचं ९०० ते ३,०००. मैदान तेच, खुर्ची तीच. महाग म्हणा, पण हा दर आहे. दुसऱ्या प्रकारात विक्री चालू असतानाच आकडा हलतो. सकाळी पाहिलेली किंमत घरच्यांना विचारून संध्याकाळी परत यावं तर बदललेली. हा भाव. लोकांचा राग बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारावर असतो आणि तो निघतो पहिल्यावर.

दोन्ही प्रकार अमेरिकेतून आले. तिथे १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. उड्डाण झालं की रिकामं आसन वाया, म्हणून मागणीप्रमाणे भाडं हलवण्याचं शास्त्र विमान कंपन्यांनी पुढच्या दशकात उभं केलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डेन्व्हरच्या बेसबॉल संघाने सामन्यांची वर्गवारी करून वेगवेगळे दर लावले. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २००९ मध्ये सुमारे दोन हजार खुर्च्यांवर रोज बदलणाऱ्या किमतीचा प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी सगळं स्टेडियम त्यात घेतलं.

ही पद्धत इथे आणताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. बेसबॉलचा संघ एका मोसमात घरच्या मैदानावर ८१ सामने खेळतो. त्यातला मंगळवारचा, दुबळ्या संघाविरुद्धचा सामना कुणाला नको असतो, म्हणून तो स्वस्त होतो आणि शनिवारचा महाग. २०२५ च्या क्लब फुटबॉल विश्वचषकात एका उपांत्य सामन्याचं तिकीट ४७३ डॉलरवरून १३ डॉलरवर घसरलं होतं. पुण्यात भारताचा सामना वर्षाकाठी एखादा, कधी तोही नाही. आयपीएलमध्ये शहराचा स्वतःचा संघ २०११ ते २०१३ आणि २०१६-१७ एवढाच होता. स्वस्त करायला मंगळवारच नसेल, तर भाव एकाच दिशेने जाणार.

याचा अर्थ आधी तिकीट सरळ मिळायचं असा नाही. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमच्या काळात खिडकीवरचा दर ठरलेला असे आणि मोठ्या सामन्याला त्यावरची रक्कम ब्लॅकवाल्याच्या खिशात जाई. तिथला सगळ्यात गाजलेला निकाल मात्र वेगळ्याच सामन्यातला आहे. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडिजला ९३ वर गुंडाळलं. संघांची नावं बघून किंमत ठरवणाऱ्या कुठल्याही संगणकाने त्या दिवशी काय आकडा दिला असता, हे सांगायला नको.

पुण्याच्या गोष्टीत खरी मेख दरात नाही, फुकट वाटल्या जाणाऱ्या पासात आहे. नेहरू स्टेडियम महापालिकेचं आणि सामना भरवणारी संघटना वेगळी. तिकिटांच्या वाटणीवरून दोघांत खटके उडत. संघटनेने शहराबाहेर स्वतःचं मैदान उभारायचं ठरवलं, त्यामागे हे एक कारण होतं. मुंबईत सत्तरच्या दशकात हेच घडलं होतं. ब्रेबॉर्नवरच्या जागांच्या वाटपाचं भांडण इतकं पेटलं की जवळच वानखेडे उभं राहिलं. एप्रिल २०१२ मध्ये द्रुतगती मार्गालगत गहुंज्याचं स्टेडियम सुरू झालं, बसायची सोय सुमारे ३७ हजार. मालक बदलला, पण पास संपले नाहीत.

यावरचा सगळ्यात मोठा तमाशा २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. वेस्ट इंडिजविरुद्धचा दुसरा एकदिवसीय सामना इंदूरला व्हायचा होता. क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेने ९० टक्के तिकिटं विक्रीला आणि फक्त १० टक्के पास असं ठरवून दिलं होतं. इंदूरचं स्टेडियम सुमारे २७ हजारांचं, म्हणजे पास २,७००. त्यात सभासद, पोलीस, महापालिका, सरकारी खाती यांना भागवायचं कसं, आणि वर मंडळालाही त्यातलाच वाटा हवा, अशी स्थानिक संघटनेची तक्रार. मंडळ हटलं नाही, सामना विशाखापट्टणमला गेला आणि २४ तारखेला बरोबरीत सुटला. तिसरा सामना २७ तारखेला गहुंज्यात झाला. भारतीय कर्णधाराने मालिकेतलं सलग तिसरं शतक ठोकलं, तरी भारत ४३ धावांनी हरला.

हा प्रसंग इथे लांबवण्याचं कारण असं की, नऊ-दहा टक्क्यांच्या फुकट खुर्च्यांसाठी एक संघटना आंतरराष्ट्रीय सामना सोडायला तयार झाली. त्या खुर्च्यांची किंमत तिच्या लेखी तिकिटावर छापलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भाव ठरवायला मागणीसोबत पुरवठाही लागतो. तिकीटविक्रीत मागणीचं कौतुक सगळे करतात, रांगेत किती लाख आहेत ते पडद्यावर दिसतं. विकायला खुर्च्या किती काढल्या, हे कुणी सांगत नाही. २०२३ च्या विश्वचषकात पुण्याच्या वाट्याला पाच सामने आले. भारताचा त्यात एकच, १९ ऑक्टोबरचा बांगलादेशविरुद्धचा. चेन्नई, दिल्ली आणि पुणे इथल्या भारताच्या सामन्यांची विक्री ३१ ऑगस्टला एकत्र उघडली, तीही टप्प्याटप्प्याच्या वेळापत्रकातला एक टप्पा म्हणून. टप्प्यांनी विकलं की प्रत्येक टप्प्याला टंचाई ताजी राहते.

कराचा भाग थोडक्यात. आयपीएलच्या तिकिटावर २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला, म्हणजे हजाराचं तिकीट १,२८० वरून १,४०० वर. मान्यताप्राप्त स्पर्धांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर नाही, त्याहून महाग तिकिटाला १८ टक्के. मूळ किंमत मागणीने फुगली की कराची रक्कमही फुगते, त्यामुळे भाव चढण्याचं सरकारला दुःख असायचं कारण नाही.

न्यायालयातूनही फार काही निघालेलं नाही. मोठे कार्यक्रम आणि सामने यांच्या तिकिटांच्या ऑनलाइन काळ्याबाजारावर नियम करावेत, ही जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये फेटाळली. हा धोरणाचा प्रश्न, तो सरकार आणि विधिमंडळाने बघावा, असा सूर होता. खासगी ट्रॅव्हल्सच्या बाबतीत मात्र राज्याने २०१८ मध्येच मर्यादा घातली होती: एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती किती पाळली जाते, ते दिवाळीत नागपूरला जाणाऱ्याला विचारावं. पण निदान कागदावर आकडा आहे. सामन्याच्या तिकिटाला तसा कमाल आकडा नाही.

रेल्वेने सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी, दुरांतोला हाच भाव-प्रकार लावला. दर दहा टक्के आसनं भरली की मूळ भाडं दहा टक्क्यांनी वर, सुरुवातीला जास्तीत जास्त दीडपट. शिव्या त्यालाही भरपूर बसल्या. फरक एवढाच की पायऱ्या किती आणि छत कुठे, हे गाडीत बसणाऱ्याला आधी ठाऊक असतं, आणि किती आसनं शिल्लक आहेत हेही दिसतं. स्टेडियमच्या ऑनलाइन नकाशावर राखाडी खुर्ची दिसते. ती विकली गेली, पासात गेली की पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवली, हे त्या राखाडी रंगावरून कळत नाही.