२६७ वर्षांच्या पाईक माशाची गोष्ट खरी नाही

पाईक हा युरोपातल्या गोड्या पाण्यातला लांबट तोंडाचा शिकारी मासा. जर्मनीत हाइलब्रॉनजवळ १४९७ साली असा एक मासा सापडला, लांबी १९ फूट, वजन ३५० पौंड, असं शतकानुशतकं सांगितलं जातं. त्याच्या अंगावरच्या तांब्याच्या कड्यावर म्हणे ग्रीक मजकूर होता : सम्राट फ्रेडरिक दुसरा याने मला १२३० मध्ये सोडलं. म्हणजे वय २६७!

पुरावा म्हणून मानहाइममध्ये त्याचा सांगाडाही होता. एकोणिसाव्या शतकात तो तपासला, तेव्हा मणके भलतेच जास्त निघाले. अनेक माशांची हाडं जोडून तो लांबवला होता. मला तर हे मणके मोजणंच या साऱ्या कथेतलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. गळाने पकडलेल्या पाईकचा मान्य विक्रम २५ किलोंचा आहे, तोही जर्मनीतलाच, १९८६ चा. ३५० पौंड म्हणजे जवळपास १५९ किलो!

अवाढव्य मासे असतातच. कंबोडियात मेकाँग नदीत जून २०२२ मध्ये ३०० किलोंचा पाकट सापडला. संशोधकांनी तो काट्यावर तोलला, मोजला, माग ठेवता यावा म्हणून खूणयंत्र लावलं आणि जिवंत नदीत सोडला.