दुसऱ्या नावाचा घोळ

जागा एक, पण प्रत्येक मतदाराने नावं द्यायची दोन. त्यातलं निदान एक आपल्या काउंटीबाहेरच्या माणसाचं. जानेवारी १७८९ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या काँग्रेससाठी, म्हणजे संसदेसाठी, डेलावेअर राज्याने निवडणूक घेतली ती अशी. पद्धत ठरवणं राज्यघटनेने राज्यांवर सोपवलं होतं. डेलावेअर म्हणजे केंट, न्यू कॅसल आणि ससेक्स या तीनच काउंट्या, म्हणजे जिल्हे. १७९० च्या जनगणनेत लोकसंख्या ५९,०९६. काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहातली राज्याची एकुलती एक खुर्ची एकाच काउंटीने बळकावू नये, असा या नियमाचा रोख दिसतो. निवडून आले केंटचे जॉन व्हायनिंग.

रोख ठीक, पण हिशेब करून बघा. समजा, केंटचे ६० मतदार आहेत, त्यांना 'अ' हवा. न्यू कॅसलचे ४०, त्यांना 'ब' हवा. सगळ्यांनी ही दोन्ही नावं दिली तर दोघांना १००-१०० मतं, म्हणजे कोणीच जिंकलं नाही. आता न्यू कॅसलवाल्यांनी दुसरं नाव ससेक्सच्या कुणा भलत्याच शेतकऱ्याचं दिलं आणि केंटवाले भाबडेपणाने 'ब' लिहीत राहिले. 'अ' ६० वर अडकतो, 'ब' १०० वर जातो. साठ जणांचा लाडका पडला, आणि पाडला कोणी? त्याच साठ जणांनी!

मग दुसरी ओळ कोरी सोडण्याचा मोह होणारच. १७९२ च्या निवडणुकीत काही चिठ्ठ्यांवर एकच नाव निघालं. जॉन पॅटन जिंकले, काँग्रेसमध्ये जाऊन बसलेही. हरलेल्या हेन्री लॅटिमर यांनी दाद मागितली. एकनावी चिठ्ठ्या बाद, असा प्रतिनिधिगृहाने निकाल दिला आणि १४ फेब्रुवारी १७९४ रोजी ती खुर्ची लॅटिमर यांच्याकडे गेली. पुढच्या निवडणुकीत पॅटन पुन्हा निवडून आले, ते वेगळं.

गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठीही तेव्हा असाच नियम होता: प्रत्येक निर्वाचकाने (राष्ट्राध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेल्या माणसाने) दोन नावं द्यायची, त्यातलं एक तरी राज्याबाहेरचं. १८०० मध्ये थॉमस जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर, दोघांना ७३-७३ मतं पडली. प्रकरण प्रतिनिधिगृहात आलं. तिथे राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला एकच मत. म्हणजे डेलावेअरचं अख्खं मत जेम्स बेयर्ड या एकट्याच्या खिशात! पस्तीस फेऱ्या वाया गेल्या. १७ फेब्रुवारी १८०१ ला छत्तिसाव्या फेरीत बेयर्ड यांनी बर यांचं नाव लिहिणं सोडलं. चिठ्ठी कोरी टाकली.