जुन्या कपाटावर बेसिन बसवायचंय? काम देण्याआधी एवढं वाचा

एखादं जुनं ड्रेसिंग टेबल, खणांचं कपाट किंवा लिहायचं मेज घरात पडून असतं. टाकवत नाही आणि ठेवायला जागाही नसते. त्याचं बेसिनखालचं कपाट करून द्या, असं सांगत लोक आमच्याकडे येतात, आणि आम्ही करूनही देतो. पण सगळ्याच फर्निचरचं ते होत नाही. ज्याचं होतं त्यालाही थोडी काटछाट सोसावी लागते. ती कुठे आणि का, हे करवत चालायच्या आधी माहीत असलेलं बरं.

कोणतं फर्निचर चालतं

एक खण पूर्ण बाहेर काढा आणि फळीची कापलेली कड बघा. वरच्या अंगावरच्या रेषा कडेवर तशाच उतरलेल्या दिसल्या, तर लाकूड भरीव आहे. वर पातळ पापुद्रा आणि आत दाबलेला भुसा दिसला, तर तो पार्टिकल बोर्ड. त्याला आम्ही नाही म्हणतो, फर्निचर कितीही देखणं असलं तरी. तो एकदा पाण्याने फुगला की वाळल्यावरही मूळ मापाला येत नाही, आणि फुगलेल्या जागी स्क्रू धरत नाही. प्लायचे थर सुटलेले नसतील तर प्लाय चालतं.

डुगडुगणाऱ्या फर्निचरची काळजी नको. जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. सरस ऊब आणि ओल लागली की मऊ पडतो, म्हणून सांधे न मोडता उघडता येतात. पण बाथरूममध्येही ऊब आणि ओलच असते. त्यामुळे सांधा घट्ट वाटला तरी आम्ही तो उघडून पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने पुन्हा जोडतो. लाकडाला भोकं असतील तर खाली कागद पसरून आठवडाभर ठेवा. कागदावर ताजी भुकटी पडली तर कीड अजून आत आहे. आधी तिचा बंदोबस्त, मग बाकीचं.

मापं

बेसिनची वरची कड जमिनीपासून ८० ते ९० सेंमीवर सोयीची पडते. वर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन स्वतःच १२ ते १५ सेंमी उंच असतं, म्हणून त्याच्याखालचं फर्निचर ७० ते ७५ सेंमीचं हवं. लिहायचं मेज साधारण तेवढंच असतं. उंच कपाटाला आत बसणारं बेसिन बरं. उंची कमी करण्यासाठी कातीव पाय कापायला आमचा हात धजत नाही. कापलेल्या पायांवर कपाट बसकं दिसतं. खोली ४५ ते ५५ सेंमी पुरते.

आकडे जुळले तरी एकदा तेवढ्याच आकाराची खोकी त्या जागी रचा आणि तोंड धुतल्यासारखं वाका. कोपर भिंतीला लागतं का? खण पूर्ण उघडला तर दार अडतं का? ही खोक्यांची गंमत दोन मिनिटांची आहे, पण बरेच बेत इथेच बदलतात.

खणांचं काय होतं

वाईट बातमी वरच्या खणाची. बेसिनखालचा ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या नळीचं वळण, नेमका तिथे येतो. नळीतून वास वर येऊ नये म्हणून ट्रॅपमध्ये पाणी अडून राहावं लागतं, त्यामुळे तो हवा तेवढा आखूड करता येत नाही. मग खणाच्या मागच्या बाजूने मधला भाग घोड्याच्या नालेसारखा कापून काढतो. दोन्ही बाजूंना कंगवा, ब्रश मावतील असे कप्पे उरतात. खण उथळच असला तर त्याचं फक्त तोंड कायमचं बसवतो. सांडपाण्याची नळी जमिनीऐवजी भिंतीत नेता आली तर खालचे खण बहुतेक शाबूत राहतात, म्हणून प्लंबरला आमच्या आधी नाही, आमच्यासोबत बोलवा. अँगल कॉक, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायचा छोटा नळ, मात्र हात घातल्याबरोबर बंद करता आलाच पाहिजे. त्यासाठी स्क्रू काढायची वेळ येता कामा नये.

पाणी कुठून शिरतं

सुरुवातीच्या एका कामात आम्ही शिसवी टेबलाच्या वरच्या फळीला पॉलिशचे तीन हात दिले, पण बेसिनच्या भोकाची आतली कड कोरीच राहिली. कपलिंग, म्हणजे पाणी जायची जाळी-नळी, बसलं की ती दिसत नाही ना! वर्षभरात भोकाभोवती काळं कडं उमटलं आणि फळी तडकली. लाकडाच्या नळ्या त्या कापात उघड्या पडतात आणि पाणी ओढून घेतात. ती फळी आम्ही बदलून दिली. आता भोकाची कड, पायांचे तळवे, फळीची खालची बाजू आणि पाठ यांना पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, हात आधी देतो, दिसणाऱ्या भागाला नंतर.

जुनी चकाकी लाखेच्या पॉलिशची असेल तर ती पूर्ण उतरवावी लागते. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर लाख. तिच्यावर पाण्याचे पांढरे डाग पडतात आणि अत्तराच्या फवाऱ्यानेही ती विरघळते. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंगवलेलं फर्निचर घरी कोरडं घासू नका.

हवेतल्या ओलीने फळी रुंदीत फुगते-आकसते, म्हणून ती चौकटीला चिकटवत नाही, लांबट भोकांतून स्क्रूने धरतो. स्क्रू स्टेनलेस किंवा पितळी. ओल्या सागवानात लोखंडी खिळा काळा डाग सोडतो. वर दगड हवा असेल तर वजन लक्षात घ्या: १०० बाय ५० सेंमीचा, २० मिमी जाड ग्रॅनाइट साधारण २७ किलो भरतो. मग आत जादा आधार आणि भिंतीला पकड आलीच.

बसवल्यावर

बेसिनच्या कडेला भरलेल्या सिलिकॉनला २४ तास पाणी लावू नका. पीयू दुसऱ्या दिवशी कोरडं वाटतं, पण पुरतं कडक व्हायला आठवडाभर तरी लागतो. तोवर ओली साबणदाणी वर ठेवू नका. पहिले काही दिवस ट्रॅपखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवा. थेंब पडला की डाग दिसतो. अ‍ॅसिडचे क्लीनर कपाटापासून लांबच बरे.

खणातून कापलेला तुकडा, काढलेला आरसा, जुन्या कड्या सगळं बांधून परत देतो. कड्या नको असतील तर तसं सांगा. आमच्याकडे त्यांचा एक डबा आहे, कुणाच्या तरी खणाला लागतील.